मुदत

ठराव क्रमांक सात : ग्रंथपालांनी मोबाईलचा वापर करून
कामात सुलभता आणावी.
सूचक, अनुमोदक, चहा.
फोन मीच आणला पदरचे बारा हजार घालून
आणि भाचीने त्यात बसवून दिली नऊ अ‍ॅपं.

पहिलं, पुस्तकावरच्या काळ्या पट्ट्या वाचणारं.
दाखल क्रमांक ४१८२, जांभळी शाई, पुठ्ठ्याला खळीचा वास,
पुस्तक माझ्या हातात,
आणि ते म्हणतं : अशी वस्तू सापडली नाही.
शेजारचा खारीचा पुडा मात्र ओळखला,
किमतीसकट.

दुसऱ्याला आपण तोंडाने सांगायचं, त्याने टिपायचं.
‘दोन पानांना वाळवी’ म्हटलं,
त्याने लिहिलं, ‘दोन पानं हळवी’.
खोडणार होते. राहू दिलं.
तपासणीला साहेब येतील तेव्हा
शेऱ्याच्या रकान्यात वाचतील.

खर्चाच्या अ‍ॅपात बांगडे कशात घालावेत कळेना.
प्रवास, आरोग्य, करमणूक, इतर.
करमणुकीत घातले. सुरमई आरोग्यात.
पावलं मोजणारं रात्री शाबासकी देतं,
आज तुम्ही सव्वादोन किलोमीटर चाललात,
आणि नकाशात पाहावं तर निळा ठिपका सकाळपासून
वेंगुर्ल्याच्या बंदररस्त्यावर, एकाच कौलांखाली.

भरती-ओहोटीचं दाजी मोंडकरांना दाखवलं.
पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, आज पंचमी,
पाचाची पाऊणपट. पावणेचार.
फोन म्हणत होता तीन एकतीस.
‘चवदा मिन्टांनी दर्याचा काय अडता?’

मग स्मरणपत्रं.
पूर्वी कार्ड टाकायचे, पन्नास पैशांचं,
ते पोचलं की नाही ते पोस्टमनच जाणे.
आता आत्माराम कुबल, रहस्यकथा, भाग दुसरा,
तेवीस दिवस वर.
ट्रॉलरवर पुस्तक नेणारा माझा हा एकच वाचक,
आणि इकडे पहिला भाग संपवून परुळेकर बाई
खुनापाशी येऊन थांबलेल्या. रोज विचारणार.
लिहिलं : आपल्याकडील पुस्तकाची मुदत संपली आहे.
एक टिक.

दुपारी बंदरावर तीन नंबरचा बावटा चढला.
वाचनालयाची दारं आपटायला लागली, वर्तमानपत्रं
दगडांखाली ठेवली.
कुणाची होडी मालवणात शिरली, कुणाची देवगडात,
दाजी एकेक नाव घेत होते. कुबलांचं घेतलं नाही.
कुलूप लावलं, घरी आले, पोळ्या केल्या.
एक टिक.
अकरा वाजता एक टिक.
खाली अजून काही लिहावंसं वाटलं,
दंड माफ आहे, असं काहीतरी.
लिहिलं, पुसलं.

दोन वाजून दहा मिनिटांनी
दुसरी उमटली.

मालनला फोन लावला. जागीच होती.
‘रेंजमध्ये आलाय,’ म्हटलं, ‘मालन, रेंजमध्ये आलाय.’
बराच वेळ नुसता वारा ऐकू आला.
मग, ‘तुमका कोणी सांगल्यान?’
मला एकदम उत्तर सुचलं नाही.

पुस्तक आलं तिसऱ्या दिवशी,
मिठाने फुगलेलं, डिझेलचा वास,
खुणेला जाळ्याचा हिरवा दोरा.
अ‍ॅपने दंड काढला सव्वीस रुपये.
त्याने तीस ठेवले, सुट्टे नको म्हणाला,
आणि खुनी कोण ते हळूच सांगून गेला.
परुळेकर बाईंच्या तोंडाकडे आता मला बघवत नाही.

काल मालन आली, बरोबर तिघीजणी.
पाट्या बाहेर पायरीवर ठेवल्या,
हात पदराला पुसून आत आल्या.
‘ह्यांच्या घोवांच्या नावार पण एकेक पुस्तक लिव.’
वाचणार का ते? म्हटलं.
‘ता माका खबर नाय.’
मग कुठलं देऊ?
तिने कपाटांवरून नजर फिरवली, वरपासून खालपर्यंत.
‘कसलाय दी, बाये.
मुदत बेगीन संपणारा दी.’