चारला दहा कमी

मुहर्रकच्या जुन्या बाजारात
बिस्किटांच्या डब्यात फोटो, शंभर फिल्सला एक.
तीन घ्या, चौथा फुकट, दुकानदार म्हणाला.

ती चौथी.

मागे रंगवलेलं तळं, दोन हंस,
मांडीवर कुणाचं तरी उजळ मूल, पेंगुळलेलं.
पाठीमागे शाईत: यूसुफ, वाढदिवस दुसरा.
तिच्याबद्दल अक्षरही नाही.

मबरूका म्हणू?
पण असली शुभशकुनी नावं मालकच द्यायचे म्हणे,
दासीला, घोडीला, गलबताला.
नको.
नाव ठेवणं आणि नावं ठेवणं
यांत एका टिंबाचं तर अंतर.

काळ्याभोर मनगटावर घड्याळ आहे.
फोटोग्राफरनं दिलं असेल, तेवढ्यापुरतं.
मी ठरवते, नाही:
झऱ्यावर लोकांच्या चादरी आपटून
आण्या-आण्यानं घेतलेलं तिनं,
आणि गुरुवारी रात्री ढोल तापवायला शेकोटी पेटली
की काढून झग्याच्या खिशात ठेवायची,
घामानं बिघडू नये म्हणून.

आजीचे चारच शब्द उरले होते तिच्या तोंडात,
समुद्रापलीकडचे.
माजी म्हणजे पाणी.
(माझ्या भाषेत, होऊन गेलेलं.)
मूल रडलं की तोच शब्द हळू म्हणायची का?
यूसुफला आठवत असेल का तो,
कशाचा ते न कळता?

संध्याकाळी मॅडमकडे परतले.
हॉलमध्ये धाकटीच्या वाढदिवसाचा मोठा फोटो.
त्यात मीही आहे:
केक धरलेले दोन हात, कोपरापर्यंत.

तिच्या फोटोमागे, शाईच्या खाली,
पेन्सिलनं एवढंच लिहिलं:
चारला दहा कमी.
घड्याळ हिचं.