मीटर तपासायला आलेला माणूस

तीस वर्षं मी लष्करच्या वीज कार्यालयात
लोकांची बिलं काढली.
कुणाकडे कूलर आला, कुणाची मुलगी परीक्षेला बसलीय,
कोण गावाला गेलंय,
सगळं मला युनिटांवरून कळायचं.
निवृत्त झाले आणि भितरवारच्या रस्त्याला
दोन हजार कोंबड्यांची मालकीण झाले.
तेव्हा पहिल्यांदा बिल माझ्याकडे बघून हसलं.

पहिली शेड दिरांनी बांधली, रस्त्याला समांतर,
का, तर ट्रकवाल्यांना बोर्ड दिसावा.
तीन वाजले की ऊन लांब भिंतीवर
पाय पसरून बसायचं.
पत्र्याखाली चोवीस पंखे
तीच तापलेली हवा इकडून तिकडे सरकवायचे,
आम्ही ऑफिसात फायली सरकवायचो तशी.

एकोणीस मेला लाइन गेली.
जनरेटर खोकला, काळा धूर सोडला, गप्प झाला.
चाळीस मिनिटं.
तीनशे बारा.
मीच मोजल्या, मोजण्याशिवाय मला येतं काय?
चोची उघड्या, पंख अंगापासून लांब धरलेले,
शिंप्याकडे माप द्यायला उभ्या राहाव्या तशा.
खड्डा खणता खणता हलके कुशवाह म्हणाला,
"बाईजी, घर ही उल्टो बनो है."

हलकेचे बाप-आजे दगडाची जाळी कोरणारे.
त्याने मला भर दुपारी हजिऱ्यातल्या जुन्या मकबऱ्यात नेलं
आणि जाळीसमोर उभं केलं.
बाहेर लू, फरशीवर पाय टेकवत नव्हता.
आत गळ्यावरचा घाम गार झाला.
मी सवयीने छताकडे पाहिलं.
पंखा नव्हता. पंख्याचा हूकसुद्धा नव्हता.
चार शतकांचं बिल: शून्य युनिट.

घरी येऊन जुन्या बिलांच्या पाठीवर रेघा ओढल्या.
लांबी पूर्व-पश्चिम, उन्हाला आखूड भिंतच भेटावी.
रुंदी पंचवीस फूट, वारा दमायच्या आत
पलीकडून निघून जाईल एवढीच.
माथ्यावर फट.
अर्ध्या छपरावर चुना, अर्ध्यावर मोहरीची काडं,
कोण जास्त गार ठेवतं ते बघायला
(अजून ठरलेलं नाही).
उत्तर-दक्षिणेला हलकेची जाळी,
बाजारात न खपलेले फुटके तुकडे,
षटकोनाशेजारी कमळ, कमळाशेजारी अर्धा मोर.

दीर म्हणाले, कोंबड्यांना राजवाडा कशाला?
मी डिझेलच्या पावत्या वाचायला घेतल्या,
मोठ्याने, तारखेसकट.
चौथ्या पावतीला ते उठून गेले.
धुराची मात्र पावती नसते.
किती रकाने भरले मी आयुष्यभर,
स्थिर आकार, इंधन अधिभार, विलंब शुल्क;
आकाशात गेलं त्याचा रकाना
कुणी छापून दिला नाही.

जानेवारीत मात्र चुकलं.
धुकं जाळीतून सरळ आत आलं,
पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढली, खालची दबली.
हलके आणि मी रात्रभर पोती शिवत बसलो.
एक पोतं अजून अर्ध्या मोरावर लटकतंय.

या जूनमध्ये खात्याचा माणूस आला.
नवा पोरगा, पाठीवर बॅग, हातात नोटीस:
वापर अचानक एक तृतीयांशावर,
मीटरशी छेडछाड झाल्याचा संशय.
मसुदा मी ओळखला.
सत्त्याण्णव साली मीच लिहिला होता.

त्याने सील पाहिलं, तारा चाचपल्या,
मीटरवर दोनदा टिचकी मारली.
म्हणाला, पंखे दाखवा.
सहा. त्यातले दोन बंद.
मग तो शेडमध्ये गेला आणि बाहेरच येईना.

डोकावले, तर टोपी काढून
जाळीला टेकून उभा,
खांद्यावर कमळाएवढा उजेड,
आणि एक कोंबडी त्याच्या बुटाची लेस ओढतेय.

"सही कुठे करू?" मी विचारलं.

"दो मिनिट, आंटी," तो म्हणाला.
डोळे न उघडता.