आवृत्ती डी

तुर्कूच्या गोदीत, तिसऱ्या मजल्यावर,
समुद्राकडे पाठ करून माझं टेबल.
काम सोपं आहे असं सगळे म्हणतात:
ड्रॉइंग आलं की नंबर द्यायचा,
बदललं की अक्षर बदलायचं,
ए नंतर बी, बी नंतर सी,
जुन्यावर 'रद्द' उमटवायचं.
फेकायचं मात्र नाही.
बुडालेल्या बोटीची चौकशी
जुन्या कागदापासूनच सुरू होते.

सोमवारी पिर्क्को वर आली,
वेल्डिंगचं जाकीट अंगावर तसंच,
बुटांचा बर्फ माझ्या गालिच्यावर.
"चारशे अठरा. टाकीच्या झाकणाची चौकट.
हात आत जातो, टॉर्च जात नाही.
हे काढलंय कुणी?"

शोधलं.
जहाज चारशे अठरा, डेक तीन, चौकट बावीस.
आवृत्ती सी, मंजूर.
आणि शेजारी नखाएवढं लाल कुलूप:
ओर्वो हीर्वेला हे ड्रॉइंग संपादित करत आहेत.

करत आहेत.

ओर्वोला आम्ही नोव्हेंबरात पुरलं.
नंतर चर्चच्या खालच्या दालनात सॅमनचं सूप,
त्याची बायको कुणाचीच वाटी रिकामी राहू देत नव्हती.
पगारखात्याला कळवलं, कँटीनला कळवलं,
या यंत्रणेला कळवायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.
अकरा आठवडे ती बिचारी
दार धरून उभी.

येरे, आयटीतला, मिसरूड नुकतीच फुटलेली, म्हणाला,
"एक क्लिक. चेक-आउट रद्द."
"आणि त्याने केलेले बदल?"
"सर्व्हरवर नाहीत. म्हणजे नाहीतच."
"त्याचं मशीन?"
"स्टोअरमध्ये. शुक्रवारी पुसायचंय."

दोघांनी ते उचलून आणलं.
कीबोर्डच्या फटींत राईच्या पावाचा भुगा.
फाइल उघडली, आणि आधी नुसती यादी:
पाइप सापडत नाहीत, केबल सापडत नाहीत,
शिडी सापडत नाही.
घर फिरलं की वासे फिरतात,
सर्व्हर फिरला की वाटा.
ओर्वोची फाइल अजून जुन्या पत्त्यावर
दारं वाजवत होती.
एकेकाचा हात धरून नव्या जागी नेलं,
दुपारचे दोन वाजले,
तेव्हा कुठे डेकला आपली शिडी ओळखू आली.

तरी चौकट जशीच्या तशी.
सीमधली रेघ न रेघ तीच.
येरे घड्याळ बघायला लागला.

मग थरांच्या यादीत, अगदी तळाला,
एक गोठवलेला थर. नाव: 'आधी विचारा'.
खिडकीबाहेर नदीही गोठलेली होती,
पण हा बर्फ वितळवणं माझ्या हातात होतं.

गुलाबी रेघांत एक माणूस उमटला.
हेल्मेट, खांदा, वाकलेलं कोपर, टॉर्च,
सगळं मापात, एकास दहा,
चौकटीत अडकून बसलेला.
बाणाशी दोन ओळी:
'पिर्क्कोचं कोपर. चौकट साठ मिलिमीटर मागे.
तिला एकदा उभं करून बघायचं.'
तारीख मंगळवारची.
गुरुवारी त्याला हॉस्पिटलात नेलं होतं.

चेक-इन करताना यंत्रणा विचारते
'बदलाचं कारण',
आणि रकाना रिकामा ठेवू देत नाही.
मी लिहिलं: कोपर.
'काढले' खाली त्याचं नाव राहू दिलं,
'तपासले' खाली माझं घातलं,
कुलूप गेलं.
येरेने मशीन परत नेलं,
जाताना पावाचा भुगा झटकला नाही.

खाली पिर्क्कोने छापील डी बाकावर पसरला,
त्या गुलाबी माणसाकडे बराच वेळ बघत राहिली.
"पोट जास्त काढलंय," म्हणाली.
मग खिशातून टेप ओढली,
बाही वर सारून कोपर वाकवलं, मोजलं,
पुन्हा मोजलं.

"हिवाळी जाकीट धरलं नाही त्याने.
पासष्ट कर."

चार वाजता मी आवृत्ती ई काढली.