मेसची वही

रुवीत, हमरियाच्या मागच्या गल्लीत
सहा खाटांची खोली. मेसचा हिशेब माझ्याकडे:
तांदूळ, कांदे, गॅसची टाकी, शुक्रवारची सुरमई,
माणशी बावीस रियाल. वरचे बैसेसुद्धा मी लिहून ठेवतो.
माणूस मला तोंडावरून कळत नाही,
वहीवरून कळतो.

अजीम परकार, हर्णैचा, लिफ्टचा मेकॅनिक,
चार वर्षं एक तारखेला सगळ्यांच्या आधी पैसे टाकायचा.
नोव्हेंबरात त्याच्या नावापुढे पहिल्यांदा
पेन्सिलने लिहिलं: बाकी.
डिसेंबरात म्हणाला, शुक्रवारी मला धरू नका, पोट बरं नाही.
हर्णैचा माणूस,
आणि मासा नको?

मग दिसू लागलं
जे आधीही दिसतच होतं.
पहाटे तीनला चादरीखाली निळा उजेड.
संडासात अर्धा तास, बाहेर आम्ही बादल्या घेऊन.
ज्या गावांची नावं धड घेता येत नाहीत
तिथल्या कुठल्याशा सामन्याच्या षटकात जीव टांगलेला.
एकदा सगळ्या खोलीला शावर्मा. कशाबद्दल, तर नुसता हसला.
ते हसू मला बाकीपेक्षा जास्त खटकलं.
बोटात अंगठी नव्हती,
तिच्या जागी कातडीचं फिकट कडं.

आधी दोनदा उसने दिले होते मी.
तेही वहीत आहेत, माझ्याच अक्षरात.
मग एकदा उपदेश केला: घरच्यांचा विचार कर, वगैरे.
त्याने मान हलवली
आणि दुसऱ्या दिवशी वॉचमनकडून पन्नास उचलले.

तिसऱ्यांदा आला. "फक्त चाळीस, उद्या सगळं फिटतं."
चाळीस होते माझ्या ट्रंकेत, मोज्यात गुंडाळलेले.
म्हटलं, पैसे नाही देणार. ताट वाढतो.
तो शिवी देऊन गेला.
मी ताट झाकून ठेवलं.
अकराला परत आला, जेवला, मग गच्चीवर
पाण्याच्या टाक्यांमध्ये बसून आकडा सांगितला.
अठराशे साठ.
लिफ्टमधली बाई मजला सांगते ना,
तशा आवाजात.

नसीमाला फोन लावायला त्याला चार दिवस लागले.
मी शेजारी बसलो होतो, नखं कापत.
ती बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, "मला वाटलं, दुसरी बाई आहे."
आणि रडली की हसली,
स्पीकर असा खरखरतो, समजलं नाही.

आता त्याचं बँकेचं कार्ड वहीच्या पुठ्ठ्यात असतं,
त्यानेच ठेवायला दिलेलं. पगार झाला की मी सोबत जातो.
फोन बटणांचा.
मंगळवारी त्यावर एका समुपदेशक बाईंशी तो अर्धा तास बोलतो.
तेवढा वेळ आम्ही पाचजण उगाच खाली चहाला जातो.

एकोणिसाव्या दिवशी दुसऱ्याचा फोन मागून त्याने लावले.
कोणी पकडलं नाही. स्वतःच दारात उभं राहून म्हणाला,
"लावले."
मी पान उलटलं. दिवस पहिला.
मागचे एकोणीस खोडले नाहीत:
खर्च झाला म्हणून जमा खोटी होत नाही.

काल शुक्रवार. मत्र्याच्या बाजारातून
मी सुरमई घेऊन घामाघूम वर आलो.
आतून त्याचा आवाज: "भात लावलाय रे."
शब्द तोच.
दोघेही जरा थांबलो त्याच्यापाशी.
मग कुकरची शिट्टी झाली, आणि त्याने विचारलं
कोकम कुठे ठेवलंस.

वहीत लिहिलं: खाणारे सहा. तुकडे बारा.
परकार, बाकी आहे.
पेन्सिलनेच लिहिलं.