दुभाषा

पाचशे रुपये रोज, दुपारचं जेवण त्यांच्याकडून.
काम एवढंच: इकडचं वाक्य तिकडे न्यायचं,
न सांडता.

वाठोड्याच्या पलीकडे, नाल्याला लागून
पंचफुला गजभियेंच्या नावचा प्लॉट, पंधरा बाय वीस.
जानेवारी. नऊ वाजले तरी पत्र्यावर दव,
आणि निळ्या टी-शर्टातले अकरा पाहुणे
हातमोज्यांसकट ओळीत उभे,
वीट पुढे देत, दर विटेला एक थँक्यू.
सुरेभान मिस्त्री कानाशी म्हणाला,
"एवढ्या थँक्यूत तं एक थर चढला असता."
हे मी नेलं नाही.

विटा राखेच्या, कोराडीकडच्या.
मॉइराने विचारलं, अशा करड्या का?
बाई म्हणाल्या, "तिकडंच होती मी, रेजा, वीस वर्षं.
भाकरीवर बसे हे राख, अंथरुणावर बसे.
आता भित्तीत बसली. बरं झालं, एका जागी बसली."
नेताना अर्धं सांडलं.
इंग्रजीतही राख बसते,
पण अशी बसत नाही.

मॉइरा सदुसष्टची, टपालखात्यातून निवृत्त,
न्यूझीलंडच्या अगदी खालच्या टोकाची.
घमेलं तिच्या डोक्यावर दोनदा कललं.
बाईंनी स्वतःची चुंबळ काढून
तिच्या पांढऱ्या केसांवर ठेवली,
हनुवटी धरून मान सरळ केली
पोरीची वेणी घालताना करतात तशी.
तो अर्धा तास मी फुकटचा पगार घेतला.

मंगळवारी चहाला मॉइरा म्हणाली,
विचार तिला, आनंद झाला का?
बाईंनी बशीतला चहा संपवला.
"तिले विचार ना बावा, टिकिटाले किती पैसे लागले.
आन् हे बी विचार, तिकडं हिची भित कोन बांधते."
मी नेलं: हो, फार झाला.

गुरुवारी तिने मला गाठलं, रेतीच्या ढिगामागे.
ती एवढं बोलली, तू एवढंसंच सांगितलंस.
पस्तीस वर्षं पत्रं वाटलीत मी,
न पोचलेलं मला कळतं.

मग सांगितलं. कान तापले.
तिने आकडा सांगितला, बुटांकडे बघत.
मी त्याचे रुपये केले.
बाईंनी रुपयांच्या विटा केल्या,
बोटांच्या पेरांवर, ओठ हलवत:
"अठरा हजार. तिघायच्या भित्ती झाल्या असत्या."
नाल्यापलीकडे जावेचं ताडपत्रीचं खोपटं.
तिकडे कुणी पाहिलं नाही.
या वेळी मी सगळं नेलं, ताडपत्रीसुद्धा.

मॉइरा बराच वेळ गप्प. मग म्हणाली,
पैसेच पाठवले असते
तर मी या वेळी खिडकीत बसले असते.
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर:
माझ्याकडे भिंत नाही. भाड्याची खोली आहे.

बाई काही बोलल्या नाहीत.
उठल्या, सुरेभानच्या थैलीतून ओळंबा काढला
आणि तिच्या हातात दिला.
"एवढ्या दुरून आली तं
कोपरा तरी सीधा काढ म्हणा."

दोरी हलत होती. लट्टू भिंतीच्या इकडे, तिकडे.
मॉइरा एक डोळा मिटून.
पलीकडून बाई, त्याही एक डोळा मिटून.
मी तोंड उघडलं, काय न्यायचं ते ठाऊक नसताना,
तर दोघींनी एकदमच हात वर केला:
थांब.