वगळलेले सेकंद

ऐरोली, सेक्टर आठ. दुसरा मजला, खाली झेरॉक्सचं दुकान.
भिंतीवर जिराफ, उंची मोजायचा.
त्याच्या गुडघ्याशी निहाल मढवी, वय वर्षं आठ,
स्वतःच्या चपला स्वतः काढून
जोडून
भिंतीला समांतर ठेवणारा.

"तसा त्रास काहीच नाही हो त्याचा," आई सांगते.
"रडत नाही, हट्ट नाही.
शाळेतून चिठ्ठी आली म्हणून आणलं.
बाई म्हणतात, बोलत नाही, डबा तसाच परत नेतो."
मग पर्सची चेन उघडत, लावत, उघडत,
"याचे बाबाही येणार होते, पण शिफ्ट…"

मी पट्टा ओला करते. गार लागेल हं.
तो म्हणतो, चालेल.
कर्जाच्या कागदावर सही करताना
माणूस म्हणतो, तसं चालेल.

पाच मिनिटं गप्प बसायचं,
श्वास नेहमीसारखा.
गप्प बसायचं हे त्याला सांगायला नकोच होतं.

पडद्यावर ठोके यायला लागतात, एकेकामधलं अंतर:
सहाशे चाळीस मिलिसेकंद.
सहाशे बेचाळीस.
सहाशे एकेचाळीस.
आई वाकून बघते. तिचे खांदे उतरतात.
"एकदम रेग्युलर आहे ना?"

आता हिला कसं सांगू
की काळजाने घड्याळ होऊ नये.
श्वास आत येताना त्याने जरा पळावं,
बाहेर जाताना रेंगाळावं,
शाळा सुटलेल्या पोरासारखं,
वाटेत कुत्र्याशी दोन शब्द बोलून,
डबकं दिसलं की त्यातूनच.
तुमच्या पोराच्या छातीत, ताई,
सिडकोने आखलेले प्लॉट आहेत.
एकाला लागून एक, काटकोनात.
दिवागावातल्यासारखा बोळ नाही कुठे,
बोळात मध्येच कुणाचं अंगण, अंगणात वाळत घातलेलं जाळं,
काही नाही.

कुणाची चाहूल घेत बसतं हे काळीज?
लिफ्टच्या दाराची?
बूट किती जड पडतात, त्यावरून
आजची रात्र ओळखायची असते का त्याला?
मी विचारत नाही. ते डॉक्टर विचारतील,
आतल्या खोलीत, खेळण्यांच्या पसाऱ्यात बसून.
एका ग्राफवरून मूल कळत नाही, हेही त्यांचंच वाक्य.
माझी फक्त पाच मिनिटं.

तिसऱ्या मिनिटाला लाइट गेली.
मशीन बॅटरीवर. पंखा थांबला
आणि त्या शांततेत खालून आवाज आला,
चिंबोऱ्या घ्या, चिंबोऱ्या, जित्या हायेत.

निहाल जिराफाला म्हणाला,
"हिच्या दोऱ्या ढिल्या असतात."
मग माझ्याकडे वळून,
शाळेतली भाषा कुठल्या कुठे टाकून,
"माजे आज्यानी येकदा खारीत चिंबोरी पकरली ना,
ती त्याचे लुंगीलाच लटाकली.
घरापरत सोरलीच नाय!"

आणि हसला. दात पडलेली जागा दिसली.

पाचशे नव्वद.
सातशे दहा. सहाशे तीस.
सातशे साठ.

"निहाल! मॅडमनी काय सांगितलंय?"
रेघ परत काटकोनात गेली.

चपला घालताना त्याने विचारलं,
"मी बोललो म्हणून बिघडलं?"
नाही रे, म्हटलं मी.
आणि ते दोघं गेल्यावर, नियमाप्रमाणे, फॉर्ममध्ये लिहिलं:
तीन मिनिटं पाच सेकंद ते तीन सत्तेचाळीस,
बोलणे, हालचाल. नोंद दूषित.
हिशेबातून वगळली.

नियम बरोबर आहे. हसताना छाती हलते,
पट्टा सरकतो, आकड्यांवर भरवसा ठेवता येत नाही.
मी अकरा वर्षं हेच करते आहे.

तरी पेन्सिल घेतली,
आणि समासात, जिथे रकाना नसतो,
बारीक अक्षरात डॉक्टरांसाठी लिहिलं,
आजोबांची चिंबोरी. विचारून बघा.