चांदवडला कसं जायचं

हिरामण, सोमवारपासून तू एकटा जाणार,
म्हणून सांगतो. लिहून घेऊ नकोस,
कागद हरवतो, रस्ता नाही.

महामार्ग स्टँडवरून सहा चाळीसची धुळे गाडी.
चांदवडची पाटी शोधत बसू नकोस,
आपल्या गावाचं नाव पाटीवर नसतं,
कंडक्टरच्या तोंडात असतं,
तेही विचारल्यावर.
आधी विचार : आत जाणार का फाट्यावर टाकणार?
फाट्यावर टाकलं तर वीस मिनिटं पायी,
आणि पिशवीत रंधा, पटाश्या, वाकस,
म्हणजे पंचवीस धर.

त्या गाडीवर बोडकेबाई असल्या तर
पिशवी स्वतःहून उघडून दाखव.
पहिल्या दिवशी मला म्हणाल्या, हे काय, हत्यारं?
म्हटलं, हो. राजवाड्यात चाललोय.
अख्खी गाडी हसली.
बाईंनी पिशवीचं अर्धं तिकीट फाडलं
आणि पिशवी स्वतःच्या सीटखाली ठेवली,
ओझरपर्यंत पाय वर घेऊन बसल्या.

गाडी चुकली तर द्वारकेला काळीपिवळी.
नऊ माणसं झाली की निघते म्हणतात,
निघते तेरा झाल्यावर.
पुढं बसू नकोस, गिअर गुडघ्यात येतो.
मागं बसू नकोस, उतरताना
सगळ्यांना उतरावं लागतं, शिव्या खाशील.
मधे बस. मधे बसणाऱ्याला
काहीच दिसत नाही, झोप मात्र लागते.

रेल्वेचं कुणी सांगेल.
नाशिकरोडहून मनमाड, झकास,
खिडकी, वारा, वडा.
मग मनमाडहून उलटं यायचं चांदवडला.
मी एकदा गेलो, हौस म्हणून.
वाड्यात पोचलो तेव्हा बाकीचे
जेवून आडवे झाले होते.

मोटरसायकल नको. तुझ्या आईला शब्द दिलाय.

आणि एक रस्ता असाय जो ठरवून मिळत नाही.
दिवाळीनंतर संप होता. आडगाव नाक्यावर
तासभर हात दाखवून उभा,
तेव्हा रईसचं पिकअप थांबलं,
टमाट्याची रिकामी खोकी घेऊन
पिंपळगावकडं निघालेलं.
कुठं? म्हणाला. रंगमहाल, म्हटलं.
तो कुठंशी आला?
अकरा वर्षं दिवसातून दोनदा
चांदवडवरून जाणारा माणूस हा.

पिंपळगावला खोकी उतरवली
आणि मला सोडायला पुढं आला, विनाकारण.
मीच म्हटलं, ये आत, पाच मिनिटं.
चपला काढल्या त्यानं, काढायची गरज नव्हती.
दिवाणखान्यात मान वर करून बघत राहिला.
मला वाटलं, आता म्हणेल काय कारागिरी, काय राजे.
म्हणाला, इथं हजार खोकी बसतील,
हवा पण चांगली खेळते, माल टिकेल.

मग एका खांबापाशी थांबला.
त्या खांबावर कमळांची ओळ, एकवीस फुलं,
त्यातलं एक माझं.
जुनं कुजलं होतं, ते कापून
सागाचा तुकडा बसवला, कोरला,
चहाच्या पाण्यानं, तेलानं, काजळीनं
तीन आठवडे म्हातारा केला.
साहेब आले, भिंग लावून गेले,
कुणाला सापडलं नाही.

रईसनं बोट ठेवलं थेट त्याच्यावर.
हा एक ताजा हाय.

कसं ओळखलंस, विचारलं.
खांदे उडवले. रोज मालच बघतो ना, म्हणाला.
भाडं घेतलं नाही.
जाताना पुन्हा एकदा वर बघितलं,
मग गाडीच्या मागं जाऊन
उगाच दोर आवळला, रिकाम्या हौद्यावर.

तर हिरामण, साडेआठपर्यंत पोच.
दाराच्या उजव्या हाताचा तिसरा खांब.
मी काही सांगणार नाही कुठलं फूल.
सापडलं तर सापडलं.
नाहीतर संध्याकाळी शेवटची गाडी सव्वासातची,
तिला मात्र उशीर करू नकोस,
तिच्यानंतर फक्त ट्रक.